डोंगरावर लाईटीच्या तारेशिवाय पाहुण्यांचं घर उभं करायचंय? जुलै आणि एप्रिल धरून चला

सातारा, सांगलीकडच्या डोंगरात वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, तिथं दोन-तीन खोल्या बांधू, पाहुणे ठेवू, लाईट नाही तर सोलर लावू, असं म्हणणारे महिन्याला दोन-तीन जण तरी मला भेटतात. आमचं घर जावळी तालुक्यात, कोयनेच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढं पडवी. लाईटीची तार आजही तिथवर नाही आणि आता ती यावी असंही वाटत नाही. पण हे बसवायला जो वेळ गेला, जे पैसे गेले, त्यातलं निम्मं आधी कुणी नीट सांगितलं असतं तर वाचलं असतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. नवीन माणसाला उपयोगी पडावं एवढीच इच्छा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. डोंगरावरचं घर कधीही नोव्हेंबर-डिसेंबर डोळ्यासमोर ठेवून बांधू नका. नोव्हेंबरात सगळंच छान असतं, ओढा वाहतोय, ऊन कोवळं, हवा थंड, तंबू ठोकला तरी पाहुणा खूश. घराची खरी परीक्षा दोनदाच होते, एकदा जुलैत आणि एकदा एप्रिलात. जुलैत पाणी नको इतकं असतं आणि ऊन नसतं, एप्रिलात ऊन नको इतकं असतं आणि पाणी नसतं. या दोन महिन्यांत जे घर माणसाला आराम देतं ते बाकीचे दहा महिने आपोआप देतं.

पहिली पायरी: बांधायच्या आधी तिथं राहून या

आमच्या खालच्या वाडीतल्या आबांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "आरं, हितला पाऊस बघितलायस का? आदी चार रोज ऱ्हाऊन बघ, मग वीट आण." मी ऐकलं आणि जुलैत त्यांच्याच घरी पाच दिवस राहिलो. त्या पाच दिवसांत कळलं की वारा कुठल्या बाजूनं येतो, पाणी कुठनं वाहतं, रस्ता कुठं तुटतो, मोबाईलची रेंज कुठल्या दगडावर येते आणि अंगावरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत म्हणजे काय होतं. कुठल्याही आर्किटेक्टनं हे मला सांगितलं नसतं.

आपल्या एकाच जिल्ह्यात केवढा फरक आहे बघा, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि तिकडं माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तुमची जमीन घाटमाथ्याला किती जवळ आहे त्यावर सगळं ठरतं. पाटण, जावळी, महाबळेश्वर, सांगलीकडं शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग, इथं चार महिने धो धो असतो. त्याच्या पूर्वेला वीस-तीस किलोमीटर गेलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो आणि घराचा नकाशाच बदलतो. म्हणून साताऱ्यात कुणाचं तरी घर बघून तसंच्या तसं बांधू नका, तुमच्या वाडीतलं जुनं घर बघा. एप्रिलच्या शेवटी परत एकदा जा आणि झऱ्यावर किती वेळात हंडा भरतो ते घड्याळ लावून मोजा. वाडीतल्या बाया तिथं किती वाजता येतात, किती वेळ थांबतात तेही बघा.

दुसरी पायरी: कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथं चुकलं की पुढचं सगळं पाण्यात. सातबारा, आठ अ, फेरफार आणि गटाचा नकाशा काढा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ ते बघा, वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही आणि आपल्याकडं धरणग्रस्तांना मिळालेल्या बऱ्याच जमिनी वर्ग २ आहेत. इतर हक्काचा रकाना नीट वाचा, तिथं बोजा, कूळ, खाजगी वन असं काही लिहिलेलं असतं. खाजगी वनाचा १९७५ चा कायदा आहे, तो शेरा असेल तर जमीन कितीही स्वस्त मिळत असली तरी मागं फिरा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही स्वतः शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही हेही लक्षात ठेवा. दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडून "डोंगरात प्लॉट" म्हणून विकणारे फिरत असतात, त्यांच्याकडून घेण्याआधी तुकडेबंदीचा कायदा वकिलाकडून समजून घ्या.

दुसरं म्हणजे जंगल आणि पर्यावरणाच्या हद्दी. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील भाग आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं. त्याशिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील गावांच्या मसुदा याद्या आल्यात, त्यात आपल्याकडची बरीच गावं आहेत. तुमचा गट नंबर यातल्या कशात बसतो हे तहसील आणि वनखात्याच्या ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी "काय होत नाय साहेब, सगळेच बांधतात" यावर एक वीटसुद्धा ठेवू नका. शेतघर, बिगरशेती, बांधकाम परवानगी यातलं तुम्हाला काय लागतंय तेही तिथंच कळेल. आणि राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, तुम्ही शेतकरी असाल आणि शेती खरंच चालू असेल तर त्याखाली पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करता येते, ती जरूर करा. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी.

रस्ता मात्र कागदावर हवाच. "वहिवाट हाय की, कोण अडवतंय" असं सगळे म्हणतात आणि तुमच्याकडं चार गाड्या यायला लागल्या की अडवतात. ज्याच्या बांधावरनं रस्ता जातो त्याच्याशी आधी बसा, त्याचं काय म्हणणं आहे ऐका, आणि जे ठरेल ते रजिस्टर करून घ्या. मोजणीही सुरुवातीलाच, कंपाउंड घातल्यावर नाही.

तिसरी पायरी: घर नक्की कुठं

नवीन माणूस पहिल्यांदा कड्याच्या टोकाला जाऊन उभा राहतो, तिथनं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी दिसतं आणि तो म्हणतो इथंच बांधायचं. तिथं बांधू नका. कड्यावर जुलैतला वारा पत्रे उचलून नेतो आणि एप्रिल-मे मध्ये वळवाच्या वेळी वीज पहिल्यांदा तिथंच उतरते. तिथं एक दगडी कट्टा करा, पाहुणे संध्याकाळी तिथं बसतील. घर पन्नास-शंभर पावलं आत, थोड्या आडोशाला.

उताराच्या पायथ्यालाही नको. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, घरं माणसांसकट गाडली गेली. आम्ही तिथून फार लांब नाही, त्यानंतर कित्येक रात्री आमच्या वाडीत कुणी नीट झोपलं नव्हतं. त्यामुळं याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. वरच्या उतारावरची झाडं बुंध्यापाशी वाकून वर सरळ झालीयत का बघा, तसं असेल तर जमीन हळूहळू सरकतेय. जमिनीला लांबच लांब भेगा, खाली आधीचे घरंगळलेले मोठे धोंडे, ओढ्याचं तोंड, यातलं काही दिसलं तर जागा बदला. आणि घराला सपाटी करायला जेसीबीनं मागचा डोंगर उभा कापणं ही सगळ्यात मोठी चूक. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बसवा, खोल्या वेगवेगळ्या पातळीवर राहू द्या, चार पायऱ्या चढाव्या लागल्या तर चालतं. घराच्या वरच्या अंगाला पाण्याचा चर काढून दोन्ही बाजूंनी पाणी वळवून द्या आणि तो चर दरवर्षी मे मध्ये साफ करा.

चौथी पायरी: पाणी, आणि हा हिशेब घर बांधायच्या आधी

आमचा हिशेब सांगतो, तुम्ही तुमचे आकडे घाला. तीन खोल्या भरल्या आणि आम्ही घरचे दोघंतिघं धरले तर दहा माणसं, माणशी १०० लिटर धरलं तर दिवसाला १,००० लिटर. पाहुणे मुख्यतः शनिवार-रविवारचे. फेब्रुवारी ते मे म्हणजे साधारण १७ आठवडे, त्याचे ३४ दिवस, म्हणजे ३४,००० लिटर. उरलेल्या दिवसांत घरच्यांचं दिवसाला दोन-तीनशे लिटर धरलं की अजून वीस-पंचवीस हजार. म्हणजे साठ हजार लिटर पाणी साठवलेलं असेल तर झऱ्याला हात न लावता उन्हाळा निघतो.

आता हे कुठनं आणायचं, तर छतावरनं. १२० चौरस मीटरचं छप्पर आणि १,००० मिलीमीटर पाऊस, वाया जाणारं धरून ९०-९५ हजार लिटर होतं. आमच्याकडं एवढा पाऊस कधीकधी जुलैच्या दोन-तीन आठवड्यांतच पडतो. म्हणजे पाणी कमी नाहीच, साठवायची जागा कमी असते. चार महिने इतका पाऊस पडून मार्चमध्ये डोंगरवाड्यांवर पाण्याची ओढाताण का, तर वरचा जांभा पाणी धरून ठेवत नाही, सगळं खाली झिरपून निघून जातं.

टाकी फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपलेली करा, गोल, झाकलेली, उजेड आत जाणार नाही अशी, नाहीतर शेवाळ धरतं. सुरुवातीच्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या, त्यात पाला, धूळ, माकडांची घाण सगळं असतं, त्यासाठी पाईपला एक वेगळी तोटी ठेवायची, तिला फर्स्ट फ्लश म्हणतात. प्यायचं पाणी गाळून, उकळून किंवा फिल्टरचं. टाकी जमेल तितकी वरच्या पातळीवर बांधा, नळापेक्षा १० मीटर उंच असली की साधारण एक किलो प्रेशर मिळतं, पंपाशिवाय शॉवर चालतो, आणि ज्या घरात पंप लागत नाही त्या घराला सोलर पण कमी लागतो. आमच्याकडं टाकी नळांपेक्षा एवढी उंच बसवता आली नाही म्हणून अर्धा एचपीचा पंप दिवसा उन्हात तासभर चालवून वरची छोटी टाकी भरतो.

झरा असेल तर तो वाडीचा आहे असंच धरा, तुमच्या गटात असला तरी. मी झऱ्यावर कधीच पाईप टाकला नाही. याचं फळ असं की एका वर्षी टाकीला तडा गेला तेव्हा वाडीनं स्वतःहून "आमच्या टाकीचं न्या" म्हणून सांगितलं.

पाचवी पायरी: बांधकाम

इथं थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकाचा गवंडी वेगळा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो, धोंडे रचून मातीनं लिंपलेली घरं तेव्हा पडली होती. त्यामुळं दगडाचं किंवा जांभ्याचं घर बांधायचं असेल तर जोत्याला आणि खिडकी-दाराच्या वर सळईचा पट्टा सलग फिरवायचाच, कोपऱ्यात सळया बांधायच्याच. यात पैसे वाचवू नका, इंजिनिअरकडून डिझाईन करून घ्या. जोतं जमिनीपासून दोन-अडीच फूट. मुख्य दार पूर्वेला, कारण पाऊस येतो तो पश्चिमेकडनं आणि आडवा येतो. पश्चिमेच्या भिंतीला जुनी माणसं गवताच्या ताट्या बांधायची ते उगाच नव्हतं, आम्ही त्या बाजूला बंद पडवी काढली, तीच लाकडं आणि कपडे वाळवायची जागा झाली.

छपराला उतार भरपूर, पागोळ्या भिंतीपासून तीन-साडेतीन फूट लांब पडतील एवढं पुढं काढायचं. नुसता पत्रा असेल तर पावसाचा एवढा आवाज होतो की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही आणि एप्रिलात खाली भट्टी, नुसती कौलं असतील तर वानरं फोडतात. पत्रा आणि त्यावर कौलं, खाली लाकडी माळा, हे मला सगळ्यात चांगलं वाटलं. रात्री पावसाचा आवाज येतो पण झोप मोडत नाही.

सहावी पायरी: सोलर

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. विकणारा विचारतो किती किलोवॅट पाहिजे, आणि आपण सांगतो तीन. त्याआधी घरी बसून एक वही घ्या आणि दिवसाचा खर्च मांडा. आमचा असा आहे: नऊ वॅटचे १५ बल्ब रोज पाच तास, म्हणजे ०.७ युनिट. बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे चार पंखे, ३० वॅटचे, दहा तास, म्हणजे १.२ (साधा पंखा ७५ वॅटचा असतो, तो डोंगरावर आणायचाच नाही). छोटा फ्रीज एक युनिट. राउटर पाव, मोबाईल-लॅपटॉप अर्धा, मिक्सर पाव धरा, पंप अर्धा. सगळं मिळून साडेचार युनिटच्या आत. गिझर, इस्त्री, इंडक्शन यादीत नाहीतच, गिझर दोन-तीन हजार वॅटचा असतो, तो एकटाच सगळी बॅटरी पिऊन टाकतो.

आता तीन किलोवॅटचे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटपर्यंत देतात, म्हणजे एप्रिलला चिंताच नाही. जुलैत धुक्यात आमच्याकडं तेच पॅनल कसेबसे अडीच-तीन युनिट देतात. पण जुलैत पंखे लागत नाहीत आणि पंपही फार लागत नाही, म्हणजे खर्चही अडीच-पावणेतीनवर येतो. जेमतेम तोंडमिळवणी होते. म्हणून पॅनल उन्हाळ्याच्या मानानं जास्त वाटले तरी घ्या, तुम्ही ते जुलैसाठी घेताय.

बॅटरी लिथियमची, ५१ व्होल्ट १०० एएचची एक म्हणजे साधारण पाच युनिट, अशा दोन. तीन दिवस सूर्यच दिसला नाही तरी पावसाळ्यातला खर्च निघतो. आम्ही आधी साध्या ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या होत्या, १५० एएचची एक बारा व्होल्टची म्हणजे १.८ युनिट, पण त्यातलं निम्मंच वापरायचं नाहीतर आयुष्य कमी होतं, हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. दोन पावसाळ्यांत चारही बसल्या. स्वस्त म्हणून घेतल्या आणि दुप्पट महाग पडल्या.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, आपल्या भागात साधारण १७-१८ अंशांचा उतार, आणि स्ट्रक्चर वाऱ्यासाठी पक्कं. पाटणच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या केल्या हे जुलैत तिथं गेल्यावर समजतं, तसाच वारा तुमच्या पॅनललाही लागणार. वीजरोधक (आभाळातनं पडणाऱ्या विजेसाठी) आणि अर्थिंग हे सोलरच्या बिलात वेगळं लिहून घ्या. कातळात अर्थिंग नीट लागत नाही, माती खोल असेल तिथवर पट्टी नेऊन खड्डा घ्यावा लागतो आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. वळवाच्या आधी आभाळ भरून आलं की आम्ही पॅनलचा स्विच खाली करतो.

सातवी पायरी: आराम म्हणजे नक्की काय

पाहुणा डोंगरावर येतो तेव्हा त्याला टीव्ही, एसी नको असतो. कोरडं अंथरूण, अंघोळीला कडकडीत पाणी, स्वच्छ संडास आणि रात्रीची शांत झोप, एवढं मिळालं तर तो परत येतो. पण हे चारही जुलैत देणं अवघड आहे.

गरम पाण्याला सोलर वॉटर हीटर आठ महिने छान, फक्त काचेच्या नळ्यांवर वानरं उड्या मारतात म्हणून वर जाळी करा. पावसाळ्यात आपला बंब. हो, तांब्याचा बंब, आमच्या आईनं माहेराहून आणलेला. लाकूडफाटा मे मध्येच भरून ठेवायचा, पडलेल्या फांद्या, पिकाची धसकटं, जंगलातलं तोडायचं नाही. बंबाचं पाणी बादलीनं न्यायला आता एक मुलगा ठेवलाय, पाहुण्यांना त्याचंच जास्त कौतुक. गॅस गिझर लावणार असाल तर बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर लावा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आतच बेशुद्ध पडतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याचंही तेच, पाहुण्यानं कितीही मागितली तरी देऊ नका, जादा रजई द्या.

अंथरुणाची गोष्ट सांगतो. पहिल्या पावसाळ्यात कापसाच्या गाद्या होत्या. सांगलीहून एक काकू आल्या होत्या, वयस्कर, त्यांनी सकाळी चहा पिताना एवढंच म्हटलं, "बाळा, सगळं चांगलं आहे रे, पण गादी ओली लागते." मला फार लागलं ते. मग फोमच्या गाद्या, चेनची खोळ, पट्ट्यांचा पलंग म्हणजे खालून हवा लागते, आणि चादरी-रजया बंबाच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत दांड्यांवर. ती खोली कायम उबदार राहते, ओल्या पाहुण्यांचे कपडेही तिथंच वाळतात. तुमच्या नकाशात अशी एक खोली असलीच पाहिजे, एक पाहुण्यांची खोली कमी करावी लागली तरी.

संडास प्रत्येक खोलीला लागून, कमोड, आणि आत एक आडवा धरायचा दांडा. सेप्टिक टाकी झऱ्यापासून, विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब आणि उताराला खाली. कातळात शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो, आम्ही सेप्टिकच्या पुढं खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावलीय, वास येत नाही आणि वर्षभर फुलं असतात.

स्वयंपाक गॅसवर आणि चुलीवर दोन्ही. सिलिंडर मात्र १९ किलोचा व्यावसायिक घ्या, घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही. जेवण लांबचं आणू नका. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, घेवड्याची आमटी, इंद्रायणीचा भात, महाबळेश्वरजवळच्या मांघर गावचा मध, धनगरवाड्यावरचं दूध. पाहुणे याच जेवणासाठी येतात.

आठवी पायरी: वणवा, साप, आजारपण

दिवाळी झाली की गवत वाळायला लागतं. जानेवारीच्या आत घराभोवती पंधरा-वीस फुटांची जाळरेषा काढा, म्हणजे गवत मुळापासून कापून नेऊन जनावरांना घाला. जाळून रेषा काढत असाल तर वारा नसताना, सकाळी, माणसं आणि पाण्याचे ड्रम हाताशी ठेवून, आणि शेजारी जंगल असेल तर वनखात्याला सांगून. एप्रिलात पाहुण्यांची शेकोटी पूर्ण बंद. काही जण नाराज होतात, होऊ द्या.

साप असणारच. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही आपल्याकडं आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून कुणालाही खाली गादी घालून देऊ नका, जास्तीचा पलंग ठेवा. धान्य पत्र्याच्या डब्यात, म्हणजे उंदीर नाहीत, उंदीर नाहीत तर साप कमी. दाराखाली फट नको. रात्री बाहेर निघताना बॅटरी आणि बूट, बूट आधी झटकून. चावलाच तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक काही नाही, हातपाय न हलवता गाडीत घालून दवाखाना. कुठल्या सरकारी दवाखान्यात सापाची लस असते हे दर पावसाळ्याच्या आधी स्वतः जाऊन विचारून या आणि तो रस्ता एकदा रात्री गाडीनं जाऊन बघा. १०८ ला फोन लागतो ती जागा पांढऱ्या रंगानं रंगवून ठेवा, आमच्याकडं तो एक दगड आहे.

गवे, बिबट्या, अस्वल येतात-जातात. उरलेलं अन्न बाहेर टाकायचं नाही, कुत्री रात्री आत, एवढं पाळलं की आजवर काही झालेलं नाही.

नववी पायरी: माणसं

हे घर तुम्ही पुण्यात, मुंबईत बसून चालवू शकत नाही, वाडीतलं कुणीतरी तुमच्याबरोबर असायलाच हवं. आमच्याकडं बचत गटातल्या चौघीजणी आळीपाळीनं स्वयंपाक करतात, एक जोडपं कायम राहतं. त्यांचा पगार जुलैतही चालू, पाहुणे असोत-नसोत. पावसाळ्यात पगार थांबवला की माणूस पुण्याला कामाला जातो आणि ऑक्टोबरात तुम्ही एकटे. गावाची यात्रा असते तेव्हा आम्ही बुकिंग घेत नाही, देवराईत पाहुण्यांना चपला काढायला सांगतो, स्पीकर लावू देत नाही.

पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच सगळं स्पष्ट सांगा, नंतर नाही. आम्ही फोनवरच सांगतो: "दादा, शेवटचे दीड किलोमीटर तुमची गाडी येणार नाही, आमची जीप येईल. रेंज एका ठिकाणीच येते. हेअर ड्रायर, इस्त्री आणू नका, चालणार नाही. रेनकोट आणा, छत्री उडून जाते. औषधं आठवणीनं घ्या, जवळ मेडिकल नाही." एवढं ऐकून जो येतो तो तक्रार करत नाही. घरात लहान बाळ किंवा हृदयाचा आजार असलेलं कुणी असेल तर जुलैत मी स्वतःच नको म्हणतो, रस्ता तुटला तर रात्री दवाखाना गाठता येत नाही.

सुरुवात एकाच खोलीनं करा, दसऱ्यानंतर, ओळखीच्या माणसांना बोलवून. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या एका खोलीत काढा, मग दुसरीचं जोतं घाला. आम्ही तिन्ही एकदम बांधल्या आणि मग तिन्हींच्या पश्चिमेच्या भिंती परत दुरुस्त केल्या.

दरवर्षी मे च्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडं दोन दिवस सगळी कामं थांबवून ही तयारी चालते: चर आणि पन्हळी साफ, कौलं चाळून, टाकी आतनं धुवून, फर्स्ट फ्लशची तोटी उघडी, पॅनल पुसून नटबोल्ट आवळून, अर्थिंग तपासून, तीन सिलिंडर, पन्नास किलो तांदूळ, पीठ, डाळ, मीठ, मेणबत्त्या, औषधांची पेटी, बंबाची लाकडं माळ्यापर्यंत, जीपला नवे टायर आणि एक लांब दोरखंड. पहिला पाऊस आला की तोटी सोडून पाणी वाहू द्यायचं, तिसऱ्या पावसाला बंद करायची.